नव्वद फुटांवरचा चेहरा

१७ डिसेंबर १९५६, सोमवार

आज मिलचे लेबर ऑफिसर कारखानीस साहेब स्वतः स्टुडिओत आले. मोटार लांब उभी करून पायी आले. कुणी बघू नये म्हणून असेल, पण लालबागात टाय लावलेला माणूस पायी चालला की मोटारीपेक्षा जास्त माणसं वळून बघतात. मी डार्करूममध्ये होतो. बाबासाहेब गेल्यापासून त्यांच्या फोटोच्या प्रती काढतोय. नायगावच्या चाळींतून माणसं येतात, न बोलता उभी राहतात, फोटो छातीशी धरून जातात. ओल्या हातांनी तसाच बाहेर आलो.

साहेब मूळचे गिरगावचे निघाले. त्यांना तिथला माझ्या वडिलांचा स्टुडिओ आठवत होता. म्हणाले, "तुमच्या वडिलांनी माझ्या मुंजीचा फोटो काढलाय, रमाकांतराव. असा हात आता कुणाचा राहिला नाही." मी पाघळलो. स्तुती झाली की मी पाघळतो हे मला ठाऊक आहे, तरी पाघळतो.

काम असं. मिलच्या गेटासमोर आत टाइमकीपरची खोली आहे. तिच्या खिडकीत कॅमेरा बसवायचा, बाहेरून दिसता कामा नये. गेटातून आत येणाऱ्या माणसाचा चेहरा ओळखता आला पाहिजे. कॅमेरा कुठला, लेन्स कुठली, फिल्म कुठली, सगळं मी ठरवायचं. विकत मिल घेणार आणि रविवारी तो मला लग्नकार्याला वापरायला मिळणार. मी विचारलं, "लक्ष कशावर ठेवायचंय?" साहेब म्हणाले, "कापडाच्या चोऱ्या वाढल्यात हो."

जेवताना सुभद्रेला सांगितलं. ती म्हणाली, "चोर कापड घेऊन बाहेर जातो ना? मग आत येणाऱ्यांचे फोटो कशाला हवेत?" तिला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय आहे. धंद्यातलं तिला काय कळतं, म्हणून मी आमटी मागितली.

१९ डिसेंबर

ट्रामने फोर्टात गेलो. पारशी दुकानदाराने आधी माझ्या धोतराकडे बघितलं, मग मी बोलायला लागल्यावर कपाट उघडलं. दुपार तिथेच गेली. जेवणाची शुद्ध राहिली नाही.

आमचा स्टुडिओतला उभा कॅमेरा या कामाचा नाही. त्याच्या काचेवर उतरलेला माणूस पापणीच्या केसासकट येतो, पण एका वेळी एक काच, आणि माणसाला सांगावं लागतं, श्वास रोखा. शिवाय खिडकीत ठेवला तर बाजाची पेटी ठेवल्यासारखा दिसेल. म्हणजे छोटा जर्मन कॅमेराच हवा. आता लेन्स. नेहमीची लावली तर अख्खं गेट दिसतं, पण माणूस मुंगीएवढा. सगळ्यांत लांबची लावली तर नाकावरची माशी दिसेल, पण एका वेळी एकच नाक, आणि ती लेन्स इतका कमी उजेड घेते की भर दुपारशिवाय तिचा उपयोग नाही. मधली एक आहे. तिच्यात तीन-चार माणसं मावतात आणि चेहरा निगेटिव्हवर मोहरीएवढा येतो. मोहरीएवढा चेहरा मोठा करून ओळखता येतो का, हा खरा प्रश्न.

तो कॅमेरा हातात घेतला तेव्हा बटण दाबल्याचा आवाजसुद्धा आला नाही, नुसतं बोटाला कळलं. परत ठेववेना. पारशी हसत होता.

२१ डिसेंबर, शुक्रवार

टाइमकीपरची खिडकी बघून आलो. खिडकीपासून गेट नव्वद फूट. तेवढं चालेल. पण उजेडाची बोंब आहे. गेटाचं तोंड पूर्वेला. सकाळी सातच्या पाळीला माणसं आत येतात तेव्हा सूर्य नुकताच कुठे वर येतोय आणि तोही त्यांच्या पाठीमागे. म्हणजे चेहरे काळे. दुपारी साडेतीनच्या पाळीला ऊन थेट तोंडावर येतं, तेव्हा चेहरे छान मिळतील. मी साहेबांना म्हटलं, साडेतीनच्या पाळीचे फोटो घेऊ. ते म्हणाले, "छे छे. सकाळचेच हवेत. पत्रकं सकाळी वाटतात."

मग त्यांनी जीभ चावली. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

लिहून ठेवतो, कारण इथे तरी खरं लिहावं. मला कळलं. समितीची पत्रकं वाटणारे, घोषणा देणारे, त्यांचे चेहरे हवेत. मी स्वतः मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रवाला. गेल्या जानेवारीत इथे गोळ्या चालल्या तेव्हा शटर पाडून आत बसलो हे खरं, पण वर्गणी प्रत्येक वेळी दिली आहे. मनाला सांगितलं की सातच्या उजेडात काही येणारच नाही. मिलला कॅमेरा मिळेल, मला रविवार मिळेल आणि कुणाचं वाकडं होणार नाही. असं झालं तर सगळ्यांचंच बरं.

तेवढं एक वाक्य मात्र साहेबांना सांगायचं राहिलं, की साहेब, या उजेडात जगातला कुठलाही कॅमेरा नव्वद फुटांवरचा चेहरा देणार नाही. सांगितलं असतं तर त्यांनी कॅमेरा घेतलाच नसता.

२३ डिसेंबर, रविवार

दुकानदाराने दोन दिवसांसाठी कॅमेरा घरी दिला. चाचणीला माणूस हवा, म्हणून जयवंताला उठवलं. तो आमच्याच मजल्यावर राहतो, त्याच मिलच्या साचाखात्यात मागावर आहे, दुसऱ्या पाळीला. इतकी वर्षं बदली कामगार म्हणून दारात उभं राहून काढली, यंदा दिवाळीला कायम झाला. कायम झाल्याबरोबर मालवणहून अंबिकेला घेऊन आला. लग्न होऊन सहा वर्षं झाली तरी दोघं नव्या नवऱ्यानवरीसारखी लाजतात. तो कुठल्या मोर्चाला जात नाही, सभेला जात नाही. म्हणतो, "माका आता खयचाच लफडा नको रे. बायको इली हा."

परळच्या मैदानात सकाळी सातला त्याला नव्वद फुटांवर उभा केला. लग्नाच्या कामासाठी लेन्स बघतोय म्हणून सांगितलं. तो तिकडून ओरडला, "काय रे रमाकांता, तुझ्या लग्नात नवरो नव्वद फुटार बसता?" मी म्हटलं चालत ये, टोपी घाल, टोपी काढ, मान वळव. तो बिचारा फोटो म्हटलं की छाती पुढे काढतो आणि श्वास रोखतो, तसाच श्वास रोखून चालत होता. मग ऊन वर आल्यावर पुन्हा तेच. बारीक दाण्याची फिल्म, मग कमी उजेडात चालणारी जाड दाण्याची. तीन तास उभा राहिला. शेवटी त्याने इराण्याकडे चहा पाजला आणि पैसेही त्यानेच दिले.

२७ डिसेंबर

फिल्म धुतली. उन्हातल्या फोटोत बारीक दाण्याच्या फिल्मवर जयवंत हुबेहूब. सातच्या उजेडात ती फिल्म कोरीच. जाड दाण्याची फिल्म सातला काहीतरी देते, पण मोठा केल्यावर सगळा रवा. टोपीखाली एक राखाडी डाग, त्यात दोन काळसर खळगे. हा जयवंत, असं मला दिसत होतं, कारण तो जयवंत होता हे मला ठाऊक होतं.

हात शिवशिवत होते म्हणून एक प्रयोग केला. छोट्या निगेटिव्हवर आमची पेन्सिल चालत नाही, म्हणून तो डाग मोठा करून अर्ध्या प्लेटच्या काचेच्या निगेटिव्हवर उतरवला आणि नेहमीसारखं फिनिशिंगला बसलो. काचेवर पेन्सिल लावली की छापताना तिथे उजळतं. चाकूनं हळूच खरवडलं की काळं होतं. गालाचं हाड, नाकाची धार पेन्सिलीनं. डोळे, मिशी चाकूनं. तासाभरात रव्यातून जयवंत उगवला. अगदी त्याच्या लग्नाच्या फोटोतल्यासारखा, जो आमच्या शोकेसमध्ये लावलाय. सुभद्रा म्हणाली, "भावजी बरे दिसताहेत की." एकूण तीनदा केला. प्रत्येक वेळी आधीपेक्षा लवकर जमला.

साहेबांना निरोप दिला. छोटा जर्मन कॅमेरा, मधली लेन्स, जाड दाण्याची फिल्म. चेहरे येतील, थोडं फिनिशिंग लागेल. त्यांनी विचारलं, "फिनिशिंग म्हणजे?" मी म्हटलं, "तेवढं आमच्यावर सोडा."

३ जानेवारी १९५७

कॅमेरा बसला. खिडकीला जाळीचा पडदा लावला, लेन्सपुरतं भोक. टाइमकीपरला बटण दाबायला शिकवलं. तो म्हणाला, "आवाजच येत नाय, फोटो निघाला कसा समजायचा?" मला माझ्याच पोराचं कौतुक झाल्यासारखं वाटलं. आम्हाला पोर नाही.

९ जानेवारी, बुधवार

सकाळी मिल बंद पाडली. पाळी सुरू व्हायच्या वेळी एक माणूस गेटावर चढला, त्याने वर काळं निशाण बांधलं आणि ओरडला, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" खालून हजार माणसांनी साथ दिली. सगळी पाळी परत फिरली. तो उडी मारून गर्दीत गडप झाला. चाळीत सगळे विचारताहेत कोण तो, कोण तो. कुणी म्हणतं परळचा, कुणी म्हणतं शिवडीचा, कुणी म्हणतं मिलचाच नाही. मीही गॅलरीत उभा राहून घोषणा दिली. आवाज फुटला नाही, पण दिली.

१० जानेवारी

सकाळीच शिपाई रोल घेऊन आला. साहेबांची चिठ्ठी, संध्याकाळपर्यंत चेहरा हवा.

रोल धुतला. टाइमकीपरने नेमकं बटण दाबलंय. माणूस गेटाच्या सळीवर उभा, एक हात वर, निशाण अर्धवट उलगडलेलं, आणि क्षणभर त्याने मान खिडकीकडे वळवलेली. फोटो म्हणून काय सुंदर आहे! पण चेहऱ्याच्या जागी तोच राखाडी डाग. टोपी, दोन खळगे, बस्स.

मी तसाच द्यायला हवा होता. निगेटिव्ह छापून दोन आण्याच्या पाकिटात घालून द्यायची, की साहेब, हे आलंय. पण आमच्या स्टुडिओतून डोळे नसलेला फोटो आजवर बाहेर गेलेला नाही. वडील म्हणायचे, मेलेल्या माणसाचाही फोटो असेल तर त्याला नजर देऊन पाठवावी. आणि खोटं कशाला लिहू, कॅमेरा परत जाईल ही भीतीही होती. मनाशी म्हटलं, कुणासारखाही नसलेला, चारचौघांसारखा एक चेहरा काढतो. साहेब समाधानी होतील आणि कुणी ओळखणारही नाही. दुपारी बसलो. हात आपोआप चालला. मलाच नवल वाटलं, इतकं सोपं कसं गेलं.

सुभद्रा चहा घेऊन आली. बराच वेळ बघत राहिली. "हा कोण? ओळखीचा वाटतो."

मी म्हटलं, "गिरणगावात टोपी घातली की सगळे सारखेच दिसतात."

१२ जानेवारी, शनिवार

कारखानीस साहेबांनी मुद्दाम बोलावून शाबासकी दिली. माणूस ओळखला गेला. हेड जॉबरने, खात्याच्या मुकादमाने, एका नजरेत ओळखला म्हणे. साहेब म्हणाले, "पोलीससुद्धा असा फोटो काढत नाहीत." तो माणूस कोण ते मी विचारलं नाही. विचारणं बरं दिसलं नसतं.

परत आलो तर जयवंत घरीच. पाळीच्या वेळी घरी. गेटावरच अडवून ऑफिसात नेला म्हणे, आणि सोमवारी चौकशीला ये म्हणून सांगितलं. कायम झाल्याच्या कागदात काहीतरी घोटाळा असेल असं मी त्याला म्हटलं. सुभद्रेने माझ्याकडे बघितलं आणि पोळ्या लाटायला गेली.

१३ जानेवारी, रविवार

सकाळी नळावर सगळ्या चाळीला कळलं. काळं निशाण बांधणारा म्हणून जयवंताचं नाव आलंय, फोटो आहे.

मी दुकान उघडलं, आतून कडी लावली, माझ्याकडची प्रत काढून उजेडात धरली. जयवंत. दुसरा कोण असणार? त्याचं नाक, त्याची मिशी, खालचा ओठ जरा पुढे. परवा मला कसं दिसलं नाही? मी चारचौघांसारखा चेहरा काढायला बसलो होतो आणि माझ्या हाताला त्या डागातून एकच चेहरा काढायचा सराव होता, तो त्याने काढला.

त्या दिवशी सकाळी जयवंत घरी झोपलेला होता. दुसऱ्या पाळीचा माणूस सातला झोपलेलाच असतो. पण झोपलेल्या माणसाला साक्षीदार फक्त बायको.

१४ जानेवारी, संक्रांत

अंबिका तिळगूळ घेऊन आली. सुभद्रेने तिला हळदकुंकू लावलं, पण कपाळावर कुंकू जरा लांबलं.

दुपारी चौकशीहून परत येताना जयवंत थेट स्टुडिओत आला. बसला नाही. शोकेससमोर उभा राहून स्वतःच्या लग्नाचा फोटो बघत राहिला. बराच वेळ. मध्येच एक बोट उजव्या भुवईवरून फिरवलं, जसं घाम पुसावा तसं. मी म्हटलं, काय झालं रे? तो म्हणाला, "फोटो दाखवल्यानी. मी म्हटलंय, ह्यो मी नाय. युनियनचो माणूस बाजूक होतो. सायेब म्हणता, मगे ह्यो चेहरो कोणाचो?"

"मग?"

"मगे काय? येत्या शुक्रवारी परत बोलवल्यानी हा." शोकेसवरून नजर न काढता त्याने विचारलं, "रमाकांता, मिलचा काय काम तू घेतलं हस काय रे?"

मी म्हटलं, "मशिनांचे फोटो काढायला बोलावलं होतं. कॅलेंडरसाठी."

"होय काय," म्हणाला आणि गेला. जाताना तिळगूळ ठेवून गेला.

१६ जानेवारी

चाळीच्या चौकात सत्कार. जयवंत नको नको म्हणत होता तितके लोक जास्त पेटत होते. "बघा, किती साधा माणूस! स्वतःच्या तोंडानं कबूल करत नाय." बायकांनी ओवाळलं. खांद्यावर घेऊन नाक्यापर्यंत मिरवला. काल जे लोक नळावर त्याला ढकलून पुढे जात होते ते आज त्याची बादली भरून देताहेत.

मी ठरवलंय. उद्या मूळ निगेटिव्हची, पेन्सिल न लावलेली प्रत घेऊन कारखानीसांकडे जायचं आणि सांगायचं की इथे चेहराच नाही, चेहरा माझा आहे.

१७ जानेवारी

गेलो नाही. एका बारशाचे फोटो होते. खरं म्हणजे बारसं दुपारी आटपलं. फोटो खोटा म्हणून सांगितलं की गोष्ट ऑफिसाबाहेर येणार, आणि गेटावरचे फोटो कोण काढतो हे नाक्यावर कळणार. मग दुकानाची काच किती वेळ टिकेल, आणि काचेनंतर मी किती वेळ टिकेन? सुभद्रा म्हणाली, "अहो, जाऊन या." मी म्हटलं, उद्या.

१९ जानेवारी, शनिवार

आज गेलो. काल शुक्रवार होता. काल दिवसभर दुकानात बसून होतो.

साहेबांसमोर दोन्ही फोटो ठेवले. सगळं सांगितलं. रवा, दाणा, सातचा उजेड, पेन्सिल, चाकू. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "रमाकांतराव, उगीच मनाला लावून घेऊ नका. तुमचा चेहरा बरोबर होता. काल त्याने सगळ्यांसमोर कबूल केलं. 'होय, मीच,' म्हणाला. सही दिली."

साहेबांनी डाग असलेला फोटो उचलून मला परत दिला आणि चहा मागवला. मी तो प्यायलो.

घरी चालत येताना जे वाटलं ते लिहितो. आधी हायसं वाटलं. मग राग आला, जयवंताचा. चार हार पडले तर माणूस फुगून खोटं कबूल करतो! बायको आणली, नोकरी कायम झाली, सगळं असताना हा हुतात्मा व्हायला निघाला. मी सोडवायला गेलो होतो आणि यानेच दार लावून घेतलं. आता माझा काय दोष? सुभद्रेला हे सगळं ऐकवलं. ती भांडी घासत होती, तिने वर बघितलंच नाही.

२३ जानेवारी

डिसमिस. मिलमालकांचं एकमत असतं, आता त्याला दुसरी कुठली मिल घेणार नाही. खोली चुलतभावाच्या नावावर आहे, तोही आता घाबरलाय. जयवंत आणि अंबिका गावी जाणार. ती भिंतीवरचे खिळे काढत होती. मी म्हटलं, खिळे कशाला नेतेस? ती म्हणाली, "भावजी, तिकडे खिळे मिळनत नाय असा नाय. पण हे मी मारलेले."

अन्न गोड लागत नाही. कॅमेरा रविवारी आणायला गेलोच नाही.

२७ जानेवारी, रविवार

दुपारी त्याला गच्चीवर बोलावलं. बोलता येईल असं वाटलं नव्हतं, पण एकदा सुरू झालो तेव्हा थांबलोच नाही. कॅमेरा मीच निवडला, मैदानातली चाचणी त्यासाठीच होती, चेहरा मी काढला, सांगायला मी उशीर केला. पाय धरायला वाकलो तर त्याने दंड धरून उभा केला.

"ठावक आसा," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"फोटो दाखवल्यानी तेवाच." त्याने टोपी काढली आणि उजव्या भुवईवरचा वण दाखवला. लहानपणी माडावरून पडला तेव्हाचा. "ह्यो वण माझ्या आवशीक दिसता, बायकोक दिसता, आरशात माका दिसता. तुझ्या फोटोत कधी दिसलो? लग्नाच्या फोटोतसून तू पुसलंस. मिलच्या फोटोतसूनय पुसलंस. माझ्या कपाळावरचो वण तुझ्याशिवाय कोण पुसता?"

खरं आहे. आम्ही वण, तीळ, देवीचे व्रण ठेवत नाही. गिऱ्हाईक न सांगता काढून टाकतो. इतकी वर्षं त्याच्या कपाळावरून माझी पेन्सिल फिरत होती आणि माझ्या लेखी तो वण नव्हताच.

"मग बोलला का नाहीस? एवढं दाखवलं असतंस तरी सुटला असतास!"

"आनी कोणी पुसलो म्हणान सांगू? युनियनचो माणूस बाजूक बसललो. तासाभरात नाक्यार बोंब झाली असती. नुसता नाय म्हणत रवलंय तरी फोटो कोणी काढलो ता तेंनी हुडकलाच असता, म्हणान होय म्हटलंय. तुझो स्टुडिओ रवलो असतो? तू तरी रवलो असतस? वैनी खय गेली असती?" मग खाली रस्त्याकडे बघत म्हणाला, "माका गाव आसा रे. घर आसा, चार माड आसत, आवस आसा. तुका खय आसा?"

मी रडलो. तो रडला नाही. चिडलाही नाही. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं, हे त्याला कळत असावं आणि म्हणूनच तो चिडला नसावा. की हेही मी माझ्या सोयीचं लिहितोय? कळत नाही. त्याने कबुली दिली तेव्हा मी त्याच्याबद्दल जे लिहिलं ते पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही.

मी म्हटलं, मी उद्या चौकात उभा राहून सांगतो. तो म्हणाला, "आता सांगशीत तर माझा गेला ता गेला, वर तुझाय जायत. माका मगे काय मिळाला?" मग जिना उतरताना, पाठ माझ्याकडे असताना, म्हणाला, "तेवा सांगूचा होता, रमाकांता. शुक्रवाराच्या आदी."

२९ जानेवारी, मंगळवार

भाऊच्या धक्क्यावर अख्खी चाळ लोटली होती. रे रोडपासून घोषणा देत गेले. समितीचे दोन पुढारीही आले, भाषणं झाली. बोट लागलेली होती आणि भोंगा एकदा वाजून गेला होता. जयवंत नवं धोतर नेसून उभा होता, हातात ट्रंक, बाजूला अंबिका बोचकं घेऊन. ती गर्दीकडे बघतच नव्हती, पाण्याकडे बघत होती.

मी मागे एका खांबाशी उभा होतो. तेवढ्यात चाळीतले कुशाबा ओरडले, "अरे, रमाकांत खय आसा? तेचो जिवाभावाचो दोस्त मागे कित्याक? तेका पुढे सोडा!" माणसं बाजूला झाली, हातांनी मला पुढे ढकलत नेलं. चाळीचा मुख्य हार, झेंडूचा, गुडघ्यापर्यंत येईल एवढा, कुणीतरी माझ्या हातात दिला. "तुम्ही घाला, रमाकांतभाऊ. तुमचो मान."

मी सुभद्रेकडे बघितलं. तिने मान फिरवली.

जयवंताने ट्रंक खाली ठेवली. टोपी काढली, माझा हात पोहोचावा म्हणून जरा वाकला आणि मान पुढे केली. मी हार घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि त्याच्या नावाचा जयजयकार केला, आणि सगळे माझ्याकडे बघत होते म्हणून मीही केला.